नहेम्याचा तिसरा अध्याय आणि दफनभूमीच्या भिंतीवरची पाटी

प्रश्न : पंचांपैकी एक

सर्वांना सलाम.

बायबलमधल्या एका शास्त्रभागाविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या चाललेल्या एका वादाशी हा प्रश्न जोडलेला आहे, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

आमची मंडळी तालुक्याच्या गावची, जुनी आणि लहान आहे. उपासनामंदिरामागे ओढ्याच्या अंगाला दफनभूमी आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिची ओढ्याकडची भिंत पन्नासेक फूट ढासळली आणि गुरे थेट कबरींवर फिरू लागली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने वर्गणी काढून वाळू-सिमेंट आणले. दगड जुनेच वापरायचे ठरले. मजुरीपुरते पैसे उरले नाहीत, म्हणून सात-आठ शनिवार मंडळीनेच श्रमदान केले. तरुण संघाची मुले ओढ्यात गडगडलेले दगड वर आणीत, महिला मंडळातल्या भगिनी माल कालवून घमेली भरून देत, आणि गवंडीकामातून निवृत्त झालेले आमचे एक वयस्क सभासद स्वतःची थापी आणि ओळंबा घेऊन सर्वांच्या आधी हजर असत. त्यांनी वर्गणी किती दिली ते मला ठाऊक आहे, कारण पावत्या मीच फाडल्या : एकशे एक रुपये.

आता त्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवायची आहे. पाच हजार आणि त्याहून अधिक देणाऱ्यांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरावीत, असा ठराव आला आहे. त्यात गवंडीबाबांचे नाव बसत नाही. काहींनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून दाखवला, की उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, तेव्हा पाटीच नको. दुसरीकडे एका पंचांचा आग्रह आहे की जी सधन कुटुंबे एकाही शनिवारी फिरकली नाहीत त्यांची नावे निदान इतिवृत्तात तरी नोंदवावीत, म्हणजे पुढच्या निवडणुकीत लोकांना ती आठवतील.

हा वाद पेटलेला असतानाच रविवारच्या शास्त्रपाठात जुन्या करारातल्या नहेम्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय आला. वाचणारी मुलगी दहावीतली होती. एल्याशीब, जक्कूर, मरेमोथ, मशुल्लाम अशी नावे चाचरत वाचताना ती पाचव्या ओवीपर्यंत आली तेव्हा पाळकसाहेबांनी हळूच खूण केली आणि ती थेट चौथ्या अध्यायावर गेली. तिचा जीव भांड्यात पडला, आमचाही. मी मात्र घरी जाऊन तो अध्याय पुरता वाचला आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे. 32 ओव्यांत ना प्रार्थना, ना आज्ञा, ना अभिवचन. नुसती कोणी कुठवर बांधले याची यादी. आमच्या पाटीच्या वादाला यातून काही दिशा मिळते का, की भिंतीला भिंत दिसली म्हणून मी उगाच ओढूनताणून संबंध जोडतो आहे?


उत्तर 1 : जुन्या कराराचा वाचक

बंधू, आपण ओढूनताणून काही करीत नाही. ज्या पाचव्या ओवीवर वाचन थांबले ती ओवीच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

प्रथम प्रसंग ध्यानात घेऊ. पारसाचा राजा अर्तहशश्त याच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 445 मध्ये, नहेम्या शूशन या पारसी राजधानीहून यरुशलेमेस आला आणि सहाव्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे 52 दिवसांत, एलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, शहराचा पडलेला तट पुन्हा बांधून पुरा झाला. तिसरा अध्याय हा त्या कामाचा हजेरीपट आहे. मेंढेवेशीपासून निघून तटाच्या कडेकडेने फिरत तो पुन्हा मेंढेवेशीशी येऊन थांबतो, आणि 40च्या आसपास गट व व्यक्ती त्यात नोंदल्या आहेत. ज्याच्या नावाने हा ग्रंथ आहे त्या नहेम्याचे स्वतःचे नाव मात्र त्यात नाही. सोळाव्या ओवीत नहेम्या येतो, पण तो अजबूकचा मुलगा, निराळाच माणूस. आपल्याकडे पायाभरणीच्या कोनशिलेवर पहिले नाव कोणाचे असते हे सांगायला नको.

आता पाचवी ओवी. तकोवकरांनी आपला भाग बांधला, पण त्यांच्यातल्या सरदारांनी आपल्या प्रभूच्या कामाला मान दिली नाही, असा तिचा आशय आहे. मूळ इब्री शब्द मानेचाच आहे. जुवाखाली मान देणाऱ्या बैलाचे चित्र त्यात आहे. मराठीत मान म्हणजे गळ्यामागचा भाग आणि मान म्हणजे प्रतिष्ठाही, त्यामुळे आपल्या भाषेत ही ओवी जरा अधिकच बोचते : ज्यांना मान होता त्यांनी मान दिली नाही. ‘प्रभू’ हा शब्द इथे देवासाठी आहे की कामावरच्या धन्यांसाठी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण त्या इब्री शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. बांधणाऱ्यांची नावे बापाच्या, कधी आजोबाच्या नावासकट देणारा हा लेखक न आलेल्या सरदारांपैकी एकाचेही नाव देत नाही. घडलेली गोष्ट त्याने लपवली नाही. गोडगोड अहवाल लिहून सर्वांनी मनोभावे सहकार्य केले असे म्हटले नाही. तरीही अडीच हजार वर्षे त्या माणसांची नावे कोणी घेऊ शकलेले नाही. आपल्या पंचांना न आलेल्यांची यादी इतिवृत्तात हवी आहे ती पुढच्या निवडणुकीसाठी. नहेम्याने दोष नोंदवला आणि माणसे झाकली. या दोहोंतला फरक कमिटीपुढे शांतपणे मांडून पाहावा.

या तकोवकरांकडे आणखी थोडे पाहण्यासारखे आहे. तकोवा हे आमोस संदेष्ट्याचे गाव, यरुशलेमेच्या दक्षिणेला डोंगराळ रानाच्या तोंडाशी असलेले. तिथले पुढारी घरी बसले म्हणून साध्या लोकांनी हात आखडते घेतले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण सत्ताविसाव्या ओवीत ते पुन्हा दिसतात, ओफेल टेकडीच्या तटाजवळ दुसरा भाग बांधताना. पुढारी न आलेल्या गावाने दुप्पट काम केले आणि तक्रारीचा एक शब्दही त्यांच्या तोंडी घातलेला नाही.

दुसऱ्या एका माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चौथ्या ओवीत हक्कोसाचा मुलगा उरीया याचा मुलगा मरेमोथ येतो. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आणि नहेम्याच्या सातव्यात सांगितले आहे की बाबेलच्या हद्दपारीतून परतलेल्या याजक घराण्यांपैकी हक्कोसाच्या वंशजांना आपली वंशावळी दाखवता आली नाही, म्हणून त्यांना याजकपणातून वगळले गेले. मरेमोथ त्याच घराण्याचा दिसतो. कागदपत्रांअभावी ज्या कुटुंबाला एकेकाळी वेदीपासून दूर ठेवले होते, त्यातल्या माणसाचे नाव या यादीत दोनदा आहे, चौथ्या ओवीत आणि एकविसाव्या ओवीत. दुसऱ्या खेपेला त्याने कुठला भाग बांधला असेल? मुख्य याजक एल्याशीब याच्या घराच्या दारापासून त्याच घराच्या टोकापर्यंतचा! एल्याशीब स्वतः मेंढेवेशीवर काम करीत होता, त्याच्या दारातली भिंत मात्र बारूख आणि मरेमोथ या दोघांनी उभी केली. मंडळीत ज्यांचे सभासदत्व, बाप्तिस्म्याचा दाखला किंवा ‘मूळचे कुठले’ हे विचारले जाते अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतलीच काही पाळकांच्या घराचे छप्पर गळू लागले की शिडी घेऊन सर्वांत आधी येतात.


उत्तर 2 : निवृत्त शिक्षिका, नगर

वरील बंधूंनी पुष्कळ सांगितले आहे. त्यात दोन ओव्यांची भर घालावीशी वाटते.

पहिली बारावी. हल्लोहेशाचा मुलगा शल्लूम, यरुशलेमेच्या अर्ध्या परगण्याचा अधिकारी, याने आपल्या मुलींसह डागडुजी केली. लेखक एवढेच सांगून पुढे जातो; त्याचे कौतुक नाही की खुलासा नाही. काही टीकाकारांनी इथे ‘मुली’ म्हणजे परगण्यातली खेडी असा अर्थ सुचवला आहे, कारण इब्रीत मोठ्या गावाच्या आसपासच्या खेड्यांना त्याच्या कन्या म्हणतात आणि या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातही तसा वापर आहे. पण ‘तो आणि त्याच्या मुली’ हे शब्द एका माणसाच्या नावानंतर लगेच येतात, त्यामुळे सरळ अर्थ मुली असाच राहतो. चाळीस वर्षे शब्बाथशाळा चालवल्यानंतर माझी एक खात्री झाली आहे, की एखाद्या कामात बायका दिसल्या की त्यांची खेडी करण्याचा मोह नुसता टीकाकारांना होत नाही. मंडळीच्या अहवालात ‘महिला मंडळाने अल्पोपाहाराची व्यवस्था केली’ हे वाक्य दर वर्षी असते. बंधू, आपणच लिहिले आहे की भगिनी घमेली भरून देत होत्या. आपल्या इतिवृत्तात ते कसे नोंदले गेले आहे, हे कृपया एकदा पाहावे.

दुसरी ओवी चौदावी, आणि तिच्यापाशी मी अधिक काळ थांबते. रेखाबाचा मुलगा मल्कीया, बेथ-हक्करेम परगण्याचा अधिकारी, याने उकिरडावेस बांधली. तिचे दरवाजे, कड्या आणि अडसर बसवले. शहराची घाण ज्या वेशीतून बाहेर जाते ती वेस एका परगण्याच्या अधिकाऱ्याने हाती घेतली. तिच्या आधीच्या ओवीत जानोहाच्या लोकांनी खोरेवेशीपासून या उकिरडावेशीपर्यंत हजार हात तट बांधल्याचे आहे, म्हणजे त्या बाजूला जायला कोणी कचरले नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने ही ओवी वाचताना अडखळायला हवे, असे मला वाटते. वेस हा आमच्यासाठी पुस्तकी शब्द नाही. माळीवाडा वेस, दिल्ली दरवाजा ही नावे नगरकरांच्या तोंडी रोज असतात, आणि शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले तरी वेशींची नावे तीच आहेत. गावगाड्यात वेशीच्या आत कोणी राहायचे, बाहेर कोणी, आणि मेलेले ढोर कोणी ओढायचे हे जन्माने ठरलेले होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये नगरला सुरू झाले, आणि पुढे या जिल्ह्यातल्या ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतल्या पुष्कळ मंडळ्या महार आणि मांग वस्त्यांतून, म्हणजे वेशीबाहेरच्या माणसांतून घडल्या. माझे पणजोबा त्यांतलेच. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात येशूने वेशीबाहेर दुःख सोसले असे म्हटले आहे, आणि आपणही त्याच्याकडे बाहेर जावे असे सांगितले आहे. माझ्या आजीला ही ओवी पाठ होती. तिचा अर्थ तिला कोणी समजावून सांगावा लागला नव्हता.

म्हणून मला चौदाव्या ओवीचा प्रश्न असा दिसतो : वेशीबाहेरून आलेल्या आपल्या मंडळीत आज उकिरडावेशीचे काम कोणाकडे आहे? उपासनेनंतर सतरंज्या कोण झाडतो, स्वच्छतागृह कोण धुतो, बेवारस ख्रिस्ती माणसाचे प्रेत आले तर कबर कोण खणतो? पंचांपैकी कोणी एखादा शनिवार ते काम अंगावर घेतले तर मल्कीयाची ओवी मोठ्याने वाचायला हरकत नाही. तोवर ती मुलीने गाळली तेच बरे झाले.


उत्तर 3 : एक पाळक

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आभार मानून थोडी सावधगिरी सुचवतो, आणि एक कबुलीही देतो.

या अध्यायावर मी पूर्वी दोनदा उपदेश केला आहे आणि दोन्ही वेळा वेशींचे रूपक केले : मेंढेवेस म्हणजे तारण, मत्स्यवेस म्हणजे सुवार्ताप्रसार, झरावेस म्हणजे पवित्र आत्मा, उकिरडावेस म्हणजे पापकबुली. ऐकणाऱ्यांना असा उपदेश आवडतो, कारण प्रत्येक वेशीला एक अर्थ मिळतो आणि वहीत लिहून घेता येते. पण त्यात माणसे नाहीशी होतात. उज्जीयेल सोनार होता, हनन्या सुगंधी द्रव्ये करणारा होता, आणि त्या दोघांनी ज्या हातांनी सोन्याचे व अत्तराचे काम केले त्याच हातांनी दगड रचले, हे मी एकदाही बोललो नव्हतो. लेखकाने त्यांचा धंदा मुद्दाम लिहिला आहे आणि मी मात्र वेशीचा अर्थ शोधत बसलो.

सावधगिरी अशी, की या यादीतल्या सगळ्यांनाच आदर्श मानून चालणार नाही. बरेख्याचा मुलगा मशुल्लाम या यादीत दोनदा आहे. पण सहाव्या अध्यायाच्या शेवटी कळते की त्याची मुलगी तोबीयाच्या मुलाला दिली होती, आणि हा तोबीया तर तटाचा उघड वैरी. पहिल्याच ओवीतला मुख्य याजक एल्याशीब, बहुधा तोच, पुढे तेराव्या अध्यायात याच तोबीयाला मंदिराच्या अंगणात खोली देतो, आणि नहेम्याला त्याचे सामान बाहेर फेकावे लागते. नहेम्याने हे सर्व लिहिले, तरी तिसऱ्या अध्यायातली त्यांची नावे खोडली नाहीत. त्या दिवशी त्यांनी काम केले होते, ते तसे राहू दिले. मंडळीत फूट पडल्यावर जुन्या स्मरणिकेतून कोणाचे छायाचित्र वगळायचे यावर ज्यांनी बैठका घेतल्या आहेत, त्यांना यातले मोल कळेल. अशा एका बैठकीला मीही होतो.

वाचन मध्येच थांबवणाऱ्या पाळकांविषयी रोष धरू नये, एवढी विनंती. त्यांना त्या मुलीची दया आली असेल. पुढच्या वेळी नावे आधी मोठ्याने म्हणून घेण्यासाठी तिला शनिवारी बोलवावे.


उत्तर 4 : खजिनदार, आता निवृत्त

मी शास्त्राचा अभ्यासक नाही. आयुष्यभर हिशेब लिहिले. त्यामुळे मूळ प्रश्नातला जो भाग अजून सुटलेला नाही, म्हणजे मत्तय 6 आणि पाटी, त्याविषयी लिहितो.

नहेम्याच्या ग्रंथात देणगीदारांची यादीसुद्धा आहे, हे इथे कोणी म्हटलेले दिसत नाही. सातव्या अध्यायाच्या शेवटी ती आहे आणि आकड्यांसकट आहे. प्रांताधिकाऱ्याने भांडारात एक हजार दारिक (पारसी सोन्याची नाणी) सोने, 50 कटोरे आणि याजकांची 530 वस्त्रे दिली. घराण्यांच्या प्रमुखांपैकी काहींनी 20,000 दारिक सोने आणि 2,200 माने (वजनाचे माप) रुपे दिले. बाकीच्या लोकांनी 20,000 दारिक सोने, 2,000 माने रुपे आणि याजकांची 67 वस्त्रे दिली. हिशेब चोख आहे आणि मला तो फार आवडतो. प्रमुखांचे सोने आणि सामान्य लोकांचे सोने अगदी बरोबरीचे भरले आहे, हे कोणत्याही खजिनदाराच्या नजरेतून सुटणार नाही.

पण त्या यादीत नाव एकाचेही नाही. ‘प्रांताधिकारी’, ‘काही प्रमुख’, ‘बाकीचे लोक’, एवढेच. ज्या ग्रंथाने कष्टाची नोंद करताना माणसाचे नाव, बापाचे नाव, धंदा आणि कोणाच्या घरासमोर बांधले इथपर्यंत लिहिले, त्याच ग्रंथाने पैशाची नोंद करताना रक्कम लिहिली आणि नाव सोडून दिले. हे मुद्दाम केले की त्या काळच्या नोंदीची ती रीतच होती, त्यात मी शिरत नाही. पण आपल्याकडे आपण नेमके उलटे करतो, हे मात्र नक्की. पैशाला नाव असते, आणि कष्टाला आपण ‘मंडळीतील बंधुभगिनींचे सहकार्य’ म्हणतो.

मत्तय 6 विषयी माझी समजूत अशी आहे की तिथे प्रभू दानधर्म करताना कर्णा वाजवू नये असे सांगतो, म्हणजे देणाऱ्याने स्वतःसाठी काय करावे ते सांगतो. मंडळीने दुसऱ्याचे कष्ट विसरावेत असे त्यातून निघत नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय, जो आपण असाच गाळतो, तिथे मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस यांनी प्रभूमध्ये फार श्रम केले असे नावानिशी लिहिले आहे. त्यांनी स्वतः काही जाहीर केले नव्हते, पौलाने केले.

तेव्हा पाटीच्या बाबतीत हिशेबनीस म्हणून माझी सूचना अशी. वर्गणीचा पूर्ण हिशेब, पावतीक्रमाने, वार्षिक सभेत वाचावा. पैसा सार्वजनिक आहे, तो झाकून ठेवणे हा नम्रपणा नाही. पाटीवर रक्कम आणि देणगीदार दोन्ही नकोत. नावे हवीच असतील तर जिथे ज्याने काम केले तिथली लिहावीत, आणि ओढ्याच्या टोकापासून क्रम धरावा, म्हणजे पहिले-शेवटचे हा प्रश्नच राहत नाही.

एक गोष्ट राहून जायला नको. तिसरा अध्याय वाचून एकजुटीचा फार गहिवर येऊ नये म्हणून पाचवा अध्यायही लगेच वाचावा. ज्या दिवसांत हा तट उभा राहत होता त्याच दिवसांची तक्रार तिथे आहे. गरिबांनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती, पोरी दासी म्हणून गेल्या होत्या, आणि कर्ज देणारे त्यांचेच भाऊबंद होते. श्रमदानाला येणाऱ्याचे त्या दिवसाचे रोजगाराचे नुकसान होते, ही गोष्ट नोकरदारांच्या कमिटीच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या गवंडीबाबांचा एका शनिवारचा रोज किती होतो, तो सात-आठने गुणावा आणि पाच हजारांच्या अटीशी ताडून पाहावे.


पुन्हा : पंचांपैकी एक

सर्वांचे मनापासून आभार. विलंबाबद्दल क्षमा असावी. मधल्या काळात कमिटीची बैठक झाली.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे इतिवृत्त काढून पाहिले. आठही शनिवारी ‘भगिनींनी चहापाण्याची सोय केली’ एवढेच लिहिले आहे, आणि अक्षर माझे आहे. चहा त्या दिवसांत समोरच्या हॉटेलातून येत होता.

न आलेल्यांची यादी करण्याचा विषय पाचवी ओवी वाचून दाखवल्यावर मागे पडला. त्या पंचांनी आग्रह सोडला असे म्हणवत नाही, पण ते गप्प बसले. रकमेच्या क्रमाची अट एका मताच्या फरकाने फेटाळली गेली. पाच हजारांवर देणाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःहून नावे काढून घ्यायला सांगितले, एक जण रागावून निघून गेले. नवी यादी जागेप्रमाणे करायचे ठरले आहे.

ती करण्यासाठी परवा गवंडीबाबांना घेऊन भिंतीपाशी गेलो. कुठून कुठवर आपले काम लिहू, असे विचारले. चिंचेजवळच्या कोपऱ्याशी ते थांबले, हाताने दगड चाचपले आणि म्हणाले, “हा कोपरा माझ्या एकट्याचा लिहू नका. माझी नजर आता धरत नाही. ओळंबा त्या पोरीने धरला होता, ती दहावीतली, जी वाचताना अडखळली ती. ती सांगायची डावीकडे, उजवीकडे, आणि मी दगड ठोकायचो.” तिचे नाव आमच्या कोणाच्याच यादीत नव्हते. मी ते लिहून घेतले.

आता 63 नावे झाली आहेत आणि पाटी कोरणारा अक्षरामागे दर सांगतो आहे. खजिनदारबंधूंनी त्यावरही काही सुचवले तर उपकार होतील.